खंडेनवमीची रिंग

पिंपळवंडीत चांगदेवला नावानं हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी सगळे त्याला 'पाकीट' म्हणायचे. "ए पाकीट, जेवला का?" असं कुणी रस्त्यानं ओरडलं तरी हा गडी रागवायचा नाही, खुशाल 'ओ' द्यायचा. आता एवढ्या धडधाकट, मिशीवाल्या माणसाला हे नाव कसं पडलं, तर त्याला कारण शेजारची अंबाबाई आणि तिचा कुकर.

अंबाबाईच्या कुकरची रिंग ढिली झाली होती. वाफ शिट्टीतून जायची सोडून चहूबाजूंनी निघायची. तिनं बाजारातून नवी रिंग आणली आणि चांगदेव सुट्टीला घरी आलाय म्हटल्यावर त्याच्यापुढं टाकली. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली, बोटानं दाबली, वास घेतला आणि विचारलं, "मावशी, हिचं पाकीट कुठंय?"

"पाकीट? ते दिलं टाकून. त्याच्यात काय मीठ भरायचंय?"

"पाकीट न्हाई तर मला कसं कळणार, ही कुणी केली न् कधी केली?"

"अरं मेल्या, मला वरण शिजवायचंय! तिची सोयरीक जुळवायची न्हाई!"

झालं. चावडीपासून मळ्यापर्यंत ही गोष्ट संध्याकाळच्या आत पोचली आणि चांगदेवचा 'पाकीट' झाला.

पण त्याचं तरी काय चुकलं? बारा महिने ज्या कामात हात, त्याची सवय घरी येताना दारात थोडीच काढून ठेवता येते? चांगदेव विमानाचा मेकॅनिक होता. आयटीआय झाला, खटपट करून पुण्याच्या पल्याडच्या एका लहानशा फ्लाइंग क्लबात चिकटला आणि तिथंच रमला. क्लब कसला, एक पत्र्याची मोठी शेड, एक धावपट्टी आणि एक दोन सीटचं जुनं विमान. शिकवणारा एका सीटवर, शिकणारा दुसऱ्या. ते विमान म्हणजे चांगदेवचा जीव की प्राण. सोमवारी पहाटे एसटीनं जायचं, शनिवारी रात्रीच्या आत परत यायचं. मधले दिवस त्याची बायको शीला सासूबरोबर कांदा, टोमॅटो, म्हशी बघायची आणि हा तिकडं विमानाची सेवा करायचा.

आणि विमानाची सेवा म्हणजे मुख्यतः वाट बघणं. लोकांना वाटतं, विमान म्हटल्यावर मोठ्या मोठ्या गोष्टींनी अडत असेल. छे! अडतं ते करंगळीएवढ्या वस्तूनं. एखादा बोल्ट, एखादा वॉशर, एखादी दिव्याची कळ. तसाच बोल्ट आळेफाट्याला चहाच्या पैशात मिळतो, पण तो चालत नाही. विमानाचा बोल्ट परदेशातून, बंद पाकिटातून येणार. पाकिटावर नंबर, बनवल्याची तारीख, सोबत दाखला. वस्तूपेक्षा तिच्या येण्याचा खर्च जास्त, आणि खर्चापेक्षा वाट बघणं जास्त. तोवर सगळं विमान शेडमध्ये गप उभं.

यावर सगळ्यात जास्त चिडायचा तो आळेफाट्याचा नथमलशेठ. त्याचं पंपांचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं. आजोबा मारवाडातून आले, हा इथंच जन्मला, इथल्याच शाळेत मार खाऊन मोठा झाला आणि कांद्याच्या भावावर कुणाही बागायतदाराइतका तावातावानं बोलायचा. कुठल्याही मशीनचा कुठलाही पार्ट शुक्रवारपर्यंत आणून देईन, ही त्याची प्रतिज्ञा. साऱ्या तालुक्यात ती एकाच माणसापुढं फुकट जायची.

"चांगदेवभाऊ, ह्ये बघा," म्हणून तो गल्ल्यामागून एखादा बोल्ट काढायचा. "तुमच्या विमानाला काय सोनं लागतं का? आटा तोच, लांबी तीच. घेऊन जा, पैसं बी नको."

"शेठ, बोल्ट चांगलाय. पण पाकीट?"

"बसा मग पाकीट चाटत!" नथमल कपाळाला हात लावायचा. पण चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही.

आता शीलाचं सांगायला पाहिजे, कारण गोष्ट खरी तिची आहे.

शीला आण्याची. आणे म्हणजे तालुक्याच्या उगवतीचं पठार, उंचावर, उघडंबोडकं, वारं खाणारं. चांगदेव तिला बघायला गेला तेव्हा मोठ्यांची बोलणी झाल्यावर दोघांना जरा बोलू दिलं. चांगदेव घामाघूम. तिनंच विचारलं, "विमानातनं खालची माणसं दिसत्यात का वो?"

"दिसतात की. उंचावर असलं तर न्हाई, पण खाली आल्यावर दिसतात. का?"

मग तिनं सांगितलं. लहानपणी तिला वाटायचं, आपलं गाव पठारावर, म्हणून विमानं आपल्यालाच जवळ पडतात. घरघर ऐकू आली की ती हातातलं खुरपं टाकून धावायची आणि विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवायची. "पण वरनं कधी कुणी हात हलवला न्हाई," ती म्हणाली आणि हसली.

त्या हसण्यावर चांगदेव खलास. कांदेपोहे तसेच राहिले. म्हणाला, "मी तुला बसवीन विमानात. आपलं घर वरनं दाखवीन. शब्द देतो."

शब्द देणं सोपं असतं हो! लग्न झालं, पोरं झाली, आणि दर वेळी काहीतरी आडवं आलं. एकदा तर कॅप्टनसाहेब, म्हणजे विमान शिकवणारे आणि क्लब चालवणारे, स्वतः म्हणाले, "चांगदेव, वहिनींना घेऊन ये, चक्कर मारून आणतो." शीला अबोली रंगाची ठेवणीतली साडी नेसून, डोक्यात गजरा माळून एसटीनं तिथवर गेली. आणि सकाळीच चाकाच्या ट्यूबचा वॉल्व्ह गेला. ट्यूब स्कूटरच्या ट्यूबसारखीच दिसते, पण स्कूटरची चालत नाही. शीला शेडच्या सावलीत डबा खाऊन परत आली. गावात बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "जवळनं लई भारी दिसतं." एवढंच. चांगदेवला ती कधी टोचून बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त टोचायचं.

दोन हजार साल उलटलं आणि क्लबाचे दिवस भरत आले. शिकायला पोरं येईनात, खर्च झेपेना. कॅप्टनसाहेबांनी विमान नाशिककडच्या एका बागायतदाराला विकायचं ठरवलं. बोली अशी झाली, की दिवाळीपर्यंत विमान उडतं असलं तर तो उडवत नेणार, नाहीतर पंख सोडवून ट्रकनं. आणि विमान होतं बसलेलं! पुढच्या चाकाच्या दांड्यात तेल आणि हवा कोंडलेली असते. विमान जमिनीला टेकतं तेव्हा दणका तो दांडा खातो. त्यातली रबरी रिंग झिजली, तेल गळालं आणि विमानानं नाक खाली घातलं ते घातलंच. रिंग केवढी? शीलाच्या बांगडीपेक्षा लहान.

होळीच्या सुमाराला मागवलेली रिंग पावसाळ्यात आली, ती दुसऱ्याच मॉडेलची. नंबरात एक आकडा इकडचा तिकडं. पुन्हा पत्रं, पुन्हा फोन, पुन्हा पैसे. कॅप्टनसाहेबांनी स्पष्टच सांगितलं, "चांगदेव, ही शेवटची. ही आली की बसव. आधी मी एकटा उडवून बघीन, मग वहिनींना नेईन. पिंपळवंडीवरून नेईन, माझा शब्द. त्यानंतर विमान आपलं नाही."

म्हणजे आता नाही तर कधीच नाही. शीलाला हे सांगितलं तेव्हा तिनं ट्रंकेतली अबोली साडी काढून उन्हात टाकली.

दुसरी रिंग आली ती नेमकी नवरात्रात, आणि मुंबईला कस्टममध्ये अडकली. चांगदेव स्वतः गेला. या खिडकीतून त्या खिडकीत, या साहेबाकडून त्या साहेबाकडं. सगळ्यांचा एकच प्रश्न, "विमानाचा पार्ट? हा? एवढासा?" शेवटी पाकीट हातात पडलं. तिथंच उभ्या उभ्या त्यानं नंबर ताडून पाहिला, एकदा सोडून तीनदा. बरोबर! क्लबला दसऱ्याची सुट्टी लागलेली, म्हणून पुण्याला न जाता कल्याणहून माळशेज घाटानं तो थेट घरी आला.

काय त्याचा आनंद! चहा पिता पिता चारदा सांगितलं, "नंबर तीनदा ताडला शीला. या टायमाला चूक नाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बसवतो, आन् तू तयारीत राहा." पाकीट तिच्या हातात दिलं. "विमानाचं हाय. जपून ठेव." तिनं दोन्ही हातांनी घेतलं आणि देवघरात ठेवलं.

इथंच घात झाला. 'जपून ठेव' म्हणाला, पण 'फोडू नको' म्हणायचं राहिलं. आयुष्यभर सगळ्या गावाला पाकीट पाकीट म्हणून भंडावणारा माणूस, पण घरच्या बाईला सांगायला विसरला. तिला माहीतच असणार, असं धरून चालला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी चांगदेव नथमलला शुभवार्ता सांगायला आळेफाट्याला गेला. इकडं घरात अवजारं निघाली. विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, चांगदेवचे पाने. सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. ठमाबाई, चांगदेवची आई, म्हणाली, "आन् विमानाचं गं? एवढं घरी आलंय ते. वर्षाचा सण, त्याला नको का हळदकुकू?"

शीलाच्याही मनात तेच होतं. ज्याच्यावर बसून आपण आभाळात जाणार, त्याची पूजा नको? पण प्लास्टिकला कुंकू लावून काय उपयोग, पूजा वस्तूला पोचली पाहिजे. तिनं कात्रीनं पाकीट नीट कापलं. रिंग कोमट पाण्यानं धुतली. ठमाबाई म्हणाली, "रबर हाय, तडकंल. पंपाच्या वायसरला लावतो तसं तेल लाव." शीलानं खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. मग हळद, कुंकू, अक्षता, आणि मधोमध झेंडूचं फूल. पाकीट आणि आतला कागद चुलीत गेला.

चांगदेव आला, चपला काढल्या, आत पाहिलं. पाटाच्या मधोमध, सगळ्या कोयत्या-विळ्यांच्या वर, मानाच्या जागी रिंग. उदबत्ती लावलेली. आणि शीला हात जोडून, डोळे मिटून बसलेली.

तो पाटाभोवती पाकीट शोधू लागला. "पाकीट..." एवढं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात शीलानं डोळे उघडले आणि म्हणाली, "तुमच्या विमानाला काय बी होऊ देऊ नको म्हणले देवाला."

आता तुम्हीच सांगा, या बाईवर ओरडायचं कसं? तो खाली बसला, पाटाला नमस्कार केला आणि म्हणाला, "चांगलं केलंस."

दुपारी तो पुन्हा नथमलकडं गेला आणि पोरासारखा रडला. नथमलनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "धुऊन लावा की राव! रिंग तीच, नंबर तोच, तुमीच ताडला. हळदीनं काय होतंय? कुणाला कळणारे?"

कुणालाच कळणार नव्हतं, हे खरं होतं; दाखल्याची दुसरी प्रत टपालानं आधीच क्लबात आली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चांगदेव रिंग रुमालात बांधून क्लबला गेला. कॅप्टनसाहेब फोनवर म्हणाले, "इंजिनिअरसाहेब दुपारी सही करायला येतील, तोवर बसवून ठेव." शेडमध्ये तो एकटा. त्यानं दांडा सोडवला. रिंग साबणानं धुतली, पुसली, उजेडात धरली. कडेला कुठंतरी बारीक पिवळी रेघ होतीच. तेल किती मुरलं, रबराचं काय झालं, देव जाणे. कदाचित काहीच झालं नसेल. कदाचित ती रिंग दहा वर्षं टिकली असती.

त्यानं ती खाचेत बसवायला हात पुढं केला आणि सहज वर नजर गेली. उजवीकडची सीट दिसली. या सीटवर शीला बसणार. विमान टेकताना नाकाचा सगळा भार याच दांड्यावर येणार.

हात थांबला. दुसऱ्या कुणासाठी असती तर एवढा मोह झाला नसता, आणि दुसऱ्या कुणासाठी असती तर एवढी भीतीही वाटली नसती. तो बराच वेळ विमानाच्या नाकाखाली मांडी घालून बसून राहिला. मग रिंग रुमालात बांधली, रुमाल खिशात टाकला.

कॅप्टनसाहेबांना सांगितलं, "साहेब, घरी नेलं न् माझ्या हातनं पाकीट फुटलं. माझी चूक." साहेब आधी तापले, वाट्टेल ते बोलले, मग एकदम शांत झाले. म्हणाले, "ट्रक बघ."

घरी अबोली साडी घडी घालून खाटेवर तयार होती. चांगदेव उंबऱ्यातच म्हणाला, "नंबर चुकला गं. पुन्हा दुसऱ्याच मॉडेलची आली."

शीलानं त्याच्याकडं पाहिलं. "व्हय का?" म्हणाली. साडी उचलून ट्रंकेत ठेवली, वर डांबरगोळ्या टाकल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा नथमल, पण ही गोष्ट त्यानं गिळली. एवढंच नाही, ट्रकही त्यानंच जमवला, आपल्या साडूचा, भरवशाचा. दिवाळीच्या आधी विमान सुटं झालं. पंखांना धक्का लागू नये म्हणून चांगदेवनं घरून गोधड्या मागवल्या. शीलानं हातानं शिवलेल्या त्या गोधड्या त्यानं पंखांभोवती सुतळीनं बांधल्या. मधलं धड ट्रकवर चढवलं, दोरखंडांनी आवळलं. पुणे-नाशिक रस्त्यानं जायचं, म्हणजे वाटेत पिंपळवंडी आलीच. तेव्हा कुठं चांगदेवच्या डोक्यात आलं. त्यानं एसटीडीवरून नथमलच्या दुकानात निरोप ठेवला. "शीलाला म्हणावं, नारायणगावला येऊन थांब. साडी नेसून."

ट्रक नारायणगावला चहाला थांबला तेव्हा ती स्टँडवर उभी होती. अबोली साडी, गजरा. ड्रायव्हर कुरकुरला, "पोलिसानं धरलं तर मी कायबी सांगणार न्हाय." पण त्यानंच शिडी लावली. विमानाचं दार उघडलं. शीला पदर सावरत उजव्या सीटवर बसली, चांगदेव डाव्या. त्यानं तिचा पट्टा बांधला, स्वतःचा बांधला. ट्रक हलला.

पंख नसलेलं विमान रस्त्यानं चाललं. एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघायला लागली. द्राक्षांचे मांडव, टोमॅटोची रानं, कालव्याचं पाणी, सगळं खाली दिसत होतं. शीलानं ते सगळं डोळे भरून पाहिलं. मग समोर बघतच म्हणाली, "नंबर चुकला नव्हता."

चांगदेवनं बांधलेला पट्टा उगाच पुन्हा ओढून पाहिला.

"तुमीच सांगितलं व्हतं, तीनदा ताडला म्हणून. माझ्याच हातनं नासलं ना ते? मी पाकीट फोडलं म्हणून?"

"असू दे आता."

"येवढे दिस मनात ठिवलं. एक शिवी तरी हासडायची."

"कशी हासडू?" चांगदेव म्हणाला. "तू हात जोडून बसली व्हतीस."

शीलानं डोळ्यांना पदर लावला. ड्रायव्हरनं वळणावर वेग कमी केला. पिंपळवंडीची हद्द लागली होती. चांगदेवनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाला, "रडू नको. खाली बघ. घर येतंय."

रस्त्याच्या कडेनं जरा खोलात त्यांचं घर होतं. ट्रकवरच्या विमानातून त्याचा स्लॅब वरून दिसला. वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या, पाण्याची टाकी दिसली. स्लॅबवर ठमाबाई, अंबाबाई आणि पोरं उभी होती, आणि सगळी जणं विमानाकडं बघून जोरजोरात हात हलवत होती.

शीलानं खिडकीची काच सरकवली, हात बाहेर काढला आणि घर दिसेनासं होईपर्यंत हलवत राहिली.